मिस व्हर्डेल यांच्या शुभहस्ते

आमच्या शेजारच्या मिस व्हर्डेल टॉलिव्हर यांना आठवड्यातून दोन-तीनदा कॅन्सर व्हायचा. कधी स्वादुपिंडाचा, कधी फुप्फुसाचा. कधी कॅन्सरऐवजी नवरा जायचा, तोही ऑपरेशनच्या टेबलावर. हे सगळं डॅलसच्या एका मेडिकल कॉलेजात, सकाळच्या वेळात, पगारी. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना वाईट बातमी कशी सांगायची हे शिकवायला तिथे नट-नट्यांना पेशंट म्हणून बसवतात. मुलगा पांढरा कोट घालून खोलीत येतो, घसा खाकरतो आणि अडखळत सांगतो की रिपोर्ट चांगले आलेले नाहीत. मिस व्हर्डेल रडायच्या. मग डोळे पुसून, घोटभर पाणी पिऊन त्याच मुलाला मार्क द्यायच्या.

आपण जसं कुठल्याही मोठ्या बाईला काकू म्हणून टाकतो, तसं टेक्ससात नावाआधी 'मिस' लावतात. मग तिचं लग्न झालेलं असो, नाहीतर दोनदा मोडलेलं असो. मिस व्हर्डेलचं दोनदा मोडलं होतं. मी रेणू. अर्विंगमध्ये राहते, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते. माहेर नागपूरचं. नवरा म्हणतो, बाकी सगळं अमेरिकन झालं तरी जीभ तिकडचीच राहिली. राहिली तर राहिली.

आमच्या दोघींच्या घरांची एक भिंत सामाईक. ओळख झाली ती कचऱ्याच्या डब्यावरून. वाऱ्याने आमचा डबा घरंगळत जाऊन त्यांच्या गुलाबांवर आडवा झाला. मी धावत जाऊन सॉरी म्हटलं.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सॉरी. आत्ता म्हणताना तुझं लक्ष डब्याला ओरखडा पडलाय का, तिकडे होतं."

सहा फुटांना दोन बोटं कमी अशी उंची, काळा तुकतुकीत रंग, बारीक कापलेले पांढरे केस. असा राग आला मला! पण बाई बोलली ते खोटं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, या वेळी गुलाबांकडे बघून. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या दोन बायका समोरासमोर आल्या, की एक तर वैर होतं नाहीतर मैत्री. आमची मैत्री झाली. आम्ही बोलायचो अर्थातच इंग्रजीत. इथे ते मराठीत लिहिते आहे, पण त्यांच्या तोंडी माझा गोडवा घातलेला नाही. त्यांच्यात तो नव्हताच.

त्या मूळच्या डॅलसच्याच, ओक क्लिफ भागातल्या. आई लाँड्रीत इस्त्री करायची. मुलीने नाटकाचं शिक्षण घेतलं, काही वर्षं लॉस एंजेलिसमध्ये काढली, आई आजारी पडली म्हणून परत आली ती इथलीच झाली. टेक्ससात शूटिंगला येणाऱ्या सिनेमांत त्यांना कामं मिळायची. नर्स. बहुतेक वेळा नर्सच. कधी जज्ज, कधी बसमधली बाई, कधी कोणाची तरी आजी. नर्सचा निळा युनिफॉर्म त्यांच्या कपाटात स्वतःचा होता, कारण बोलावणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा, की तुमचा आहे ना? "सिनेमात मी नर्स आणि कॉलेजात पेशंट," त्या म्हणायच्या. "मधला डॉक्टर तेवढा मला कोणी करू देत नाही." हे त्या हसण्यासाठी म्हणत नसत. मी हसले तर माझ्याकडे बघत राहायच्या.

एकदा माझ्या ओट्याशी मेथी निवडत बसल्या असताना मी विचारलं, "तुम्हाला कधी ते मोठं अवॉर्ड मिळावं असं वाटलं नाही का?" मोठं अवॉर्ड म्हणजे ते, सोन्याच्या बाहुलीचं, ज्याच्यासाठी सगळी अमेरिका वर्षातून एक संध्याकाळ टीव्हीपुढे बसते.

"आमच्यातल्या, काळ्या बायकांना बोलावतात की तिथे," त्या देठ मोडत म्हणाल्या. "कशासाठी ते बघ. एप्रन बांधून कोणाचं तरी पोर सांभाळलं, नाहीतर मार खाऊन नाकातून पाणी येईस्तोवर रडलं, की टाळ्या. आणि एकीला दिलं की पुढे कितीतरी वर्षं, दिलं की आता, असं तोंड करून बसतात."

"आणि मुख्य भूमिकेसाठी?"

"मुख्य भूमिका आधी कोणीतरी लिहावी लागते, रेणू."

आणि मग कोणीतरी लिहिली. म्हणजे जवळजवळ. पूर्व टेक्ससातल्या एका तळ्याकाठी एक छोटा सिनेमा शूट झाला. तळ्यावर मासे धरायला येणाऱ्यांना गांडुळं विकणारी एक म्हातारी आणि तिच्या दुकानात लपायला आलेली, नवऱ्याला सोडून पळालेली एक गोरी बाई, अशी गोष्ट. पळालेल्या बाईचं काम हॉलिवूडच्या एका मोठ्या नटीने केलं होतं. गांडुळंवाली मिस व्हर्डेल. सिनेमा बघितला तर गोष्ट सरळसरळ गांडुळंवालीची होती. पोस्टरवर मात्र त्या नटीचा चेहरा आणि मिस व्हर्डेलचा एक खांदा. अवॉर्डसाठी सिनेमावाल्यांनी नावं पाठवली तीही तशीच. ती मुख्य, या सहाय्यक.

मी आणि माझी मुलगी ज्ञानदा डॅलसला जाऊन तो बघून आलो. शेवटच्या प्रसंगात शेरीफ येऊन त्या म्हातारीला सांगतो की तुमचा मुलगा तळ्यात सापडला. ती ऐकून घेते, गांडुळांच्या डब्याचं झाकण लावते आणि विचारते, उद्या दुकान उघडायला हरकत नाही ना? बस. संपला सिनेमा. माझ्या छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं झालं. ज्ञानदा सोळा वर्षांची, कशालाही "इट्स ओके" म्हणणारी. ती पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "आई, आय कुडन्ट ब्रीद."

मिस व्हर्डेलना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डायरेक्टरला तिथे अश्रू हवे होते. फार मागे लागला. मी म्हटलं, अश्रू मी कॉलेजात विकते, रोज. ही बाई रडणार नाही. हिला उद्या दुकान उघडायचंय."

पेपरांत त्यांचं नाव यायला लागलं. या वर्षी नॉमिनेशन नक्की, असं जाणकार लिहू लागले. मिस व्हर्डेल कोणी काही विचारलं की "बघू" म्हणायच्या. पण त्यांच्या घरातून सकाळी गाणं ऐकू यायला लागलं होतं, आणि सामाईक भिंतीला कान असतातच.

आमच्या मराठी मंडळालाही ही बातमी पोचली. पोचवणारी मीच. अध्यक्ष चारुदत्त, मूळ पुण्याचा, बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नाही, पण स्टेज दिसलं की त्याच्या अंगात येतं. "रेणू, पाडव्याला सत्कार करूया! शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, ऑल आउट. आपल्या स्टेजवर एवढ्या मोठ्या अवॉर्डची नॉमिनी, कॅन यू इमॅजिन?" नॉमिनेशनं जाहीर व्हायला अजून महिना होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण खोटं कशाला बोलू, मलाही उत्साह आला होता. मिस व्हर्डेलना विचारलं तर त्यांनी आधी गुलाबाची एक वाळकी फांदी कापली. मग म्हणाल्या, "मला कधी कोणी स्टेजवर नुसतं उभं राहायला बोलावलेलं नाही. काही करून दाखवायचं नाही ना?"

"नाही. फक्त घ्यायचं."

"मग येते."

हिरवी रेशमी साडी मी काढून ठेवली आणि अर्विंगमध्ये ब्लाउज शिवणाऱ्या सीमाकडे त्यांना मापाला घेऊन गेले. येताना गाडीत त्यांनी माझ्याकडून दोन मराठी वाक्यं मागून घेतली. "तुम्ही मला बोलावलंत. मला आनंद झाला." नटीच ती, संध्याकाळपर्यंत 'ळ'सुद्धा बसला तोंडात, त्या दोन वाक्यांत तो नव्हता, तरी मी हट्टाने शिकवला.

नावं जाहीर होतात ती सकाळी, आमच्याकडे साडेसातला. मी केळं घालून शिरा केला आणि डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी घरातलाच झगा घातला होता, पण कानात लांब सोन्याचे डूल होते. ते डूल बघून मी शिऱ्याचा डबा न उघडताच टेबलावर ठेवला. टीव्हीवर दोन तरुण नट हसत-हसत नावं वाचत होते. आडनावांच्या क्रमाने वाचतात. चार झाली. पाचवं, शेवटचं नाव टॉलिव्हरच्या टीने सुरू व्हायला हवं होतं. ते डब्ल्यूने सुरू झालं.

पुढे मुख्य भूमिकेची नावं आली. त्यांत ती हॉलिवूडची नटी होती.

"हं," मिस व्हर्डेल म्हणाल्या. त्यांनी टीव्ही बंद केला. एक डूल काढला, मग दुसरा, आणि दोन्ही शिऱ्याच्या डब्याशेजारी ठेवले. "मला नऊला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. गाडी गॅरेजमध्ये आहे. सोडशील?"

वाटेत सिनेमावाल्यांचा फोन आला. त्या नटीचं अभिनंदन करणाऱ्या दोन ओळी हव्या होत्या, पेपरांना द्यायला. मिस व्हर्डेलनी त्या तिथल्या तिथे सांगितल्या, आवाजात असा उजेड आणून की मी गाडी चालवता चालवता वळून बघितलं. फोन ठेवला आणि चेहरा पाटीसारखा कोरा. मला काही सुचेना म्हणून मी बोलले, आणि सुचत नसताना बोललं की व्हायचं तेच झालं. "पुढच्या वेळी नक्की," मी म्हटलं.

"पुढच्या वेळी कोण, रेणू? मी सहासष्ट वर्षांची आहे." रागाने नाही. वेळ विचारल्यावर सांगतात तसं.

त्यानंतरचे दिवस तसेच गेले. त्या कामाला जायच्या, यायच्या, ओट्याशी उभ्यानेच काहीतरी खायच्या. गाणं बंद झालं. एकदा मी मुद्दाम त्यांच्या गुलाबाला गाडी घासली आणि वरवरचं सॉरी म्हटलं. त्यांनी "इट्स फाइन" म्हटलं आणि आत गेल्या. तेव्हा मी घाबरले.

मंडळाची मीटिंग चारुदत्तच्या घरी होती, पावभाजीसकट. मी पोचेपर्यंत विषय निघालाच होता.

"लेट्स बी प्रॅक्टिकल, रेणू," चारुदत्त म्हणाला. "सत्कार कशाबद्दल करायचा? लोक विचारतील ना यार, बाईंना मिळालं काय?"

"अभिनयाबद्दल कर. नटीचा आणखी कशाबद्दल करतात?"

"पण इट्स नॉट ऑफिशियल ना. ती नॉमिनेट झाली असती तर गोष्ट वेगळी होती."

"तुमच्यापैकी किती जणांनी तो सिनेमा बघितलाय?"

कोणी पावाला लोणी लावू लागलं, कोणी भाजी वाढून घेऊ लागलं. नंदाकाकू आमच्यात सगळ्यांत वडील, त्यांनी तोडगा काढला. "अगं, हॉल बुक झालाय, शाल आलीये. सत्कार कोणाचा तरी व्हायला हवाच."

मग कोणाला तरी सत्यजित आठवला. सत्यजित आमच्यातलाच, नागपूरचा, माझ्या माहेरच्या गल्लीपासून दोन गल्ल्यांवरचा. त्याच्या कंपनीचं नाव एका नॉमिनेटेड सिनेमाच्या शेवटी येतं म्हणे. कुठला सिनेमा? तर तोच. गांडुळांचा. शूटिंगला येणारे ट्रक कुठे, कसे उभे करायचे ते ठरवणारं सॉफ्टवेअर सत्यजितच्या टीमने लिहिलं होतं.

"ग्रेट! आपलाच माणूस!" चारुदत्त उभाच राहिला. "आणि सेम पिक्चर! बॅनर फक्त थोडं बदलू."

मी काय-काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. आयत्या बिळावर नागोबा हे सगळ्यांत सौम्य होतं. सत्यजित बिचारा तिथे नव्हताच, त्याला यातलं ठाऊकही नव्हतं. मतदान झालं. मी एकटी पडले. आणि मग नंदाकाकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी मैत्रीण आहे ना? मग तूच सांग बाई तिला. गोड शब्दांत. फॅन्सी ड्रेसला परीक्षक म्हणून बोलव हवं तर."

घरी येऊन ज्ञानदाला सांगितलं. ती म्हणाली, "दॅट्स सो मीन. यू शुड जस्ट टेल हर द ट्रुथ." सोळाव्या वर्षी सगळं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. दारातच उभी राहून सुरू केलं. "मिस व्हर्डेल, ते मंडळाचं ना, जरा बदललंय. म्हणजे कमिटीला असं वाटतंय की या वर्षी थोडं वेगळ्या पद्धतीने, मुलांच्या फॅन्सी ड्रेसला परीक्षक म्हणून..."

त्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. "आत ये. बस. उभ्याने बातमी सांगणारा माणूस पळायच्या तयारीत असतो. तिथे तुझे मार्क गेले."

मी बसले.

"आता विचार, मला काय माहीत आहे."

"तुम्हाला काय माहीत आहे?"

"मला माहीत आहे की पाडव्याला स्टेजवर माझा सत्कार आहे आणि मला दोन वाक्यं बोलायची आहेत. पाठ आहेत. आता इशारा दे. एकदम अंगावर टाकायचं नसतं."

"मी जे सांगणार आहे ते चांगलं नाहीये."

"छान. आता सांग. छोट्या वाक्यांत. आणि सांगून झालं की गप्प बस. सगळी मुलं इथेच मार खातात, गप्प बसत नाहीत."

"त्यांनी तुम्हाला नॉमिनेशनसाठी बोलावलं होतं. ते मिळालं नाही. आता सत्कार दुसऱ्याचा आहे."

आणि मी गप्प बसले.

मिस व्हर्डेलचा खालचा ओठ हलला. डोळे भरून आले. एक थेंब गालावरून हनुवटीपर्यंत गेला आणि त्यांचा हात टेबलाची कड चाचपू लागला. मी उठून तो हात घट्ट धरला. मीच रडायला लागले होते.

"हात धरायच्या आधी विचारायचं असतं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पण एकूण बरं. पास."

"हे काय होतं?" मी ओरडलेच.

"हे सकाळी नऊचं. यावर माझं घर चालतं." त्यांनी कागदी रुमालाने गाल पुसला. "खरं बघायचंय?"

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. दुःख नाही, राग नाही, अपमानसुद्धा नाही. फ्रिज सुरू झाला, थोडा वेळ घरघरला, बंद झाला. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"हे," त्या म्हणाल्या. "त्या सकाळपासून हेच आहे. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं. ओठ आहे हे माहीत असतं, पण कळत नाही. वाईट बातमी ऐकण्याची मला इतकी सवय झालीय की खरी आली तेव्हा आत कोणी जागंच नव्हतं."

"तुम्ही कार्यक्रमाला येऊ नका."

"ब्लाउज शिवून झालाय ना? मग येते. तुमच्याकडचं जेवण मला आवडतं."

मार्चच्या सुरुवातीला अवॉर्डचा सोहळा झाला. त्या नटीला बाहुली मिळाली. भाषणात तिने आईचे, एजंटचे, कुत्र्याचे आणि "पूर्व टेक्ससच्या सुंदर लोकांचे" आभार मानले. त्या लोकांत मिस व्हर्डेल आल्या असाव्यात. त्यांनी सोहळा बघितला नाही. त्या वेळी त्या माझ्याकडे बसून ज्ञानदाला शाळेच्या नाटकातलं भाषण बसवून देत होत्या, अगदी बारकाईने आणि अगदी कंटाळून.

पाडव्याचा कार्यक्रम एका हायस्कूलच्या हॉलमध्ये, दुपारी. दारात प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण, आत साड्यांची सळसळ. हिरव्या साडीत मिस व्हर्डेल आल्या तेव्हा माना वळल्या. त्या, मी आणि ज्ञानदा तिसऱ्या रांगेत बसलो. मुलांचा फॅन्सी ड्रेस झाला, एक समूहगीत झालं. मग चारुदत्त माइकशी आला आणि सत्यजितला स्टेजवर बोलावलं. त्या सिनेमाचं नाव घेतलं, त्या नटीचं नाव घेतलं, बाहुलीचं नाव घेतलं आणि ट्रकचं सॉफ्टवेअर त्या सगळ्यांच्या पंक्तीला नेऊन बसवलं. सत्यजित कॉलर सारखी करत उभा होता. जमीन दुभंगावी असं त्याला वाटत होतं, हे तिसऱ्या रांगेतून दिसत होतं.

आणि मग चारुदत्तची नजर आमच्यावर पडली. त्याचा चेहरा खुलला. शपथेवर सांगते, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरोखर वाटलं की आपण झालेली चूक भरून काढतोय.

"आणि आज आपलं भाग्य बघा! एक ज्येष्ठ अभिनेत्री आपल्यात उपस्थित आहेत. मी त्यांना विनंती करतो, सत्यजितचा सत्कार त्यांच्या शुभहस्ते व्हावा. मिस व्हर्डेल, प्लीज कम ऑन स्टेज!"

हॉल टाळ्या वाजवू लागला. मी उठत होते, काय करायला ते मलाही ठाऊक नव्हतं, बहुतेक त्याच्या हातातला माइक घ्यायला. मिस व्हर्डेलनी माझं मनगट धरलं.

"तो काय म्हणाला?"

मी बसले. आता मला येत होतं. "चांगलं नाहीये," मी म्हटलं. "तुमच्यासाठी आणलेली शाल तुम्ही त्या मुलाच्या खांद्यावर घालायची आहे." आणि गप्प बसले.

त्यांनी स्टेजकडे बघितलं. टाळ्या चालूच होत्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि उठल्या.

ते चालणं मी विसरणार नाही. पहिल्यांदा साडी नेसलेली बाई पायऱ्या चढताना खाली बघते; यांनी बघितलं नाही. शाल हातात घेतली, उलगडली, आणि सत्यजितच्या खांद्यावर अशी घातली, जणू त्याच्या जन्मापासून त्या याच क्षणाची वाट बघत होत्या. नारळ दिला. त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन असं काही हसल्या, की सत्यजितला राहवेना, त्याने वाकून त्यांना नमस्कार केला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सगळा हॉल उभा राहिला. नंदाकाकू डोळे पुसत होत्या. चारुदत्तचेही डोळे भरले होते. ज्ञानदाने माझा हात धरला होता, आणि तिचा हात थंड होता.

टाळ्या ओसरल्यावर मिस व्हर्डेल माइककडे वळल्या. पण चारुदत्तने तो आधीच उचलला होता, कारण लावणीच्या मुली विंगेत तयार होत्या आणि हॉल सहाला सोडायचा होता. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मग पायऱ्या उतरून आल्या.

जेवणात श्रीखंड होतं. त्यांनी पुरीबरोबर खाल्लं, चांगलं झालंय म्हणाल्या. लोक येऊन त्यांच्याबरोबर फोटो काढत होते. प्रत्येक फोटोत त्या तेच हसत होत्या. ज्ञानदा तिच्या मैत्रिणींबरोबर मागे राहिली आणि आम्ही दोघी निघालो.

बाहेर अजून ऊन होतं. गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"त्या मुलाने सिनेमात काय केलं?" त्यांनी विचारलं.

"शूटिंगचे ट्रक कुठे उभे करायचे, त्याचं सॉफ्टवेअर लिहिलं."

"कुठल्या सिनेमात?"

"तुमच्या."

"ट्रक नीट उभे होते," त्या म्हणाल्या.

सिग्नल लाल झाला. मी थांबले. समोरच्या दुकानावर कसलंतरी सेलचं फडकं हलत होतं, आणि त्या त्याकडे बघत होत्या.

"मला ते हवं होतं, रेणू," त्या म्हणाल्या. "मी कोणाला सांगितलं नाही. फार हवं होतं."

पुढच्या वेळी, असं मी म्हटलं नाही. तुम्ही त्या सगळ्यांपेक्षा मोठ्या आहात, असंही म्हटलं नाही. मी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ हलत नव्हता. डोळे कोरडे ठणठणीत होते. म्हणून मला कळलं की हे खरं आहे.

मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"हिरवा झालाय," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "चल."